वामन, महाराज वेळेवर जेवले

वामन, तू गेलास त्याच संध्याकाळी महाराजांची आरती झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा नैवेद्य झाला, वर विडाही झाला. पुढे अक्षय्यतृतीया आली तेव्हा त्यांच्या ताटात आमरस होता. आपल्या घरी सुतक, चूल थंड. शेजारच्या काकूंनी पिठलंभात आणून ठेवला, तो तुझ्या बायकोनं, सुमतीनं नुसता चिवडला आणि ताट सरकवलं. तुझा पोरगा माधव तर पानावर आलाच नाही. मी मात्र जेवले. राग आला की मला भूक लागते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

हो, राग. येणारा-जाणारा माझा हात हातात घेतो आणि म्हणतो, "अक्का, रडून घ्या, मोकळ्या व्हा." अरे, कसली मोकळी? मला रडायचं नाहीये, मला भांडायचंय. आणि ज्याच्याशी भांडायचं तो धाकटा भाऊ चैत्राच्या अखेरीस, भर दुपारी, उन्हातून धावत सुटला आणि मरून गेला. थोरल्या बहिणीच्या आधी जायची तुला एवढी काय घाई पडली होती? तसा जन्मभर तू घाईतच होतास म्हणा.

आता मी इथे ओसरीवर बसून तुझ्याशी बोलतेय. मेलेल्या माणसाशी! याच एका गोष्टीवरून मी उभा जन्म तुझी टर उडवली. आपले आबा छत्रीचे, म्हणजे महाराजांच्या समाधीचे सेवेकरी, त्यांच्यामागे तू. छत्रीत जुने महाराज संगमरवराचे होऊन बसलेले. त्यांना जाऊन जमाना झाला, पण दरबारचा रिवाज असा की ते आहेत असंच समजायचं. सकाळी त्यांना उठवायचं, तोंड धुवायला पाणी द्यायचं, मग पोशाख. उन्हाळ्यात मलमल, थंडीत कापूस भरलेला अंगरखा आणि वर शाल. ऊन डोक्यावर आलं की गरम ताट. संध्याकाळी गवई येऊन गाणार, तू बाजूला उभा राहून पंखा हलवणार. आणि घरी येऊन मला सांगणार, "अक्का, आज कारल्याची भाजी होती, पण महाराजांना काही आवडलेली दिसली नाही."

"अरे, दगडाचा चेहरा तो. त्याला काय आवडणार न् काय नावडणार?"

"तू नीट बघितलं नाहीस ना," एवढंच तू म्हणायचास आणि हातपाय धुवायला जायचास. चिडायचा नाहीस. त्याचीच मला जास्त चीड यायची.

आणि ते पाहुणे! ग्वाल्हेरच्या या आपल्या लष्कर भागातल्या प्रत्येक मराठी घराच्या मागे हे लागलेलंच आहे. पुणं, सातारा, नागपूर, कुठून कुठून माणसं येतात, तिकडच्या चुलत्याच्या मेहुण्याचं नाव सांगतात, वळकटी टाकतात आणि म्हणतात, "आता ग्वाल्हेर दाखवा." तू कधी कुणाला नाही म्हटलं नाहीस. सकाळची सेवा आटोपून धापा टाकत यायचास, टांगा बोलवायचास, "चला चला, बैठ जाओ सगळे," आणि मला हुकूम, "अक्का, तूही चल." मला का, तर मधेच तुझी नैवेद्याची वेळ व्हायची आणि पाहुणे कुणाच्या तरी गळ्यात टाकून तुला पळायचं असायचं. शाळेला सुट्टी असली की मी तुझ्या हाताशी. कन्याशाळेत दिवसभर पोरींपुढे ओरडून घसा बसलेला, आणि सुट्टीच्या दिवशी हे.

टांगा माधवगंजातून निघून किला गेटला थांबायचा. तिथून पायी चढण. खाली गुजरी महाल आला की तू थांबून सांगायचास, ती गुजराची पोर राजाला कशी म्हणाली की माझ्या गावच्या नदीचं पाणी महालात आणत असाल तर लग्न करते. बायका "अगंबाई" म्हणायच्या. मग मानमंदिर. त्या भिंतीवरच्या निळ्या चकाकत्या फरशा, ते हत्ती, ती केळीची झाडं, आणि पिवळ्या बदकांची ओळ. "बदकं मोजू नका," तू बजावायचास. "प्रत्येकाची वेगळी भरतात आणि मग नवराबायकोत भांडण होतं." की सगळे लागायचे मोजायला. सास-बहूच्या देवळांपाशी बायकांना तू सासूसुनेची गोष्ट सांगायचास आणि पुरुषांना बाजूला घेऊन सांगायचास की मूळ नाव सहस्रबाहू. मी विचारलं, "दोघांना एकच का नाही सांगत?" तर म्हणे, "बायकांना सहस्रबाहू सांगितला तर त्या घरी जाऊन काय सांगतील?" एकदा एक पोरगा टोपी घालून आला होता, ती गांधींची. दरबारचे शिपाई बघतील म्हणून तू ती त्याच्या डोक्यावरून काढून स्वतःच्या उपरण्यात बांधलीस आणि वर त्याला म्हणालास, "किल्ला उतरलास की परत देतो, तोवर ऊन खा." त्या आठवणीनं मला आत्ताही हसू येतंय, आणि हसू आलं म्हणून परत राग येतोय.

तेलीच्या मंदिराशी पोचलं की तुझे डोळे उन्हाकडे लागायचे. कुणी कितीही मोठा पाहुणा असू दे, तुझं वाक्य ठरलेलं, "अक्का, पुढचं तू दाखव." की निघालास उरवाईच्या उताराला. म्हणजे खडकात कोरलेल्या त्या डोंगराएवढ्या जैन मूर्ती दाखवायला मी. दुसऱ्या दिवशी हजीऱ्याला त्या जुन्या नामांकित गवयाच्या कबरीपाशी न्यायला मी. तिथल्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणून पाहुण्यांच्या पोरी झाड ओरबाडायच्या, त्यांना खाली खेचायला मी. शेजारच्या पिराच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या दाखवायला मी, बाड्याच्या चौकातला बाजार फिरवायला मी. या शहराचा अर्धा भाग तू दाखवलास आणि अर्धा मी, आणि सगळे पाहुणे घरी जाऊन पत्रात लिहिणार, वामनरावांनी फार छान ग्वाल्हेर दाखवलं!

शेवटी सगळ्यांना तू छत्रीवर आणायला लावायचास. तिथे मात्र घाई नाही. आणि तिथेच आपलं जुनं भांडण व्हायचं, पाहुण्यांच्या देखत. तू म्हणायचास, "बाकी बघितलंत ते सगळं मेलेलं. मानमंदिरात आता कोण दिवा लावतं? वटवाघळं. इथे बघा, इथे राजा जेवतो. इमारत जगते ती आत कुणाची तरी वाट बघणारं माणूस असलं की." मी म्हणायचे, "इमारत जगते ती कुणी मान वर करून बघितली की. तुझ्या इथे सगळे मान खाली घालून उभे." तू म्हणायचास, "नाही, अक्का." माझ्या प्रत्येक वाक्याला तुझं "नाही, अक्का" चिकटलेलंच. लहानपणी मी पाढे म्हणायला लागले तरी मधे "नाही, अक्का" म्हणून चूक काढणारा तू.

आता खरं सांगायचं तर या शहराकडे मान वर करून बघायला मला शिकवलंस तूच. हे मी तुझ्या तोंडावर कधी कबूल केलं नाही आणि करणारही नव्हते. मी कपाळ पांढरं करून माहेरी आले तेव्हा माजघराच्या कोपऱ्यात बसून होते. आबा काही बोलत नव्हते, आई बघितलं की रडायची. एक दिवस तू, मिसरूड नुकती फुटलेला, आत आलास आणि म्हणालास, "पदर घे डोक्यावर आणि चल. किल्ल्यावर जायला कुणाची मनाई नाही." आई म्हणाली, लोक काय म्हणतील. तू म्हणालास, "लोक खाली राहतात, आम्ही वर जातोय." आळीतल्या बायका खिडक्यांतून बघत होत्या आणि तू पुढे, मी मागे. मानमंदिराच्या त्या निळ्या भिंतीखाली मी उभी राहिले आणि किती तरी महिन्यांनी मोठ्यांदा काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. तू म्हणालास, "नाही, अक्का, ती केळी आहेत, ताड नव्हेत." तिथून मी शाळेपर्यंत पोचले, शिकले, शिकवायला लागले. हे सगळं त्या चढणीवरून आलंय, वामन. ते मला ठाऊक आहे.

म्हणून तर आणखी राग येतो. ज्यानं मला कोपऱ्यातून उठवलं, त्यानं स्वतःच्या मुलाला मात्र कोपऱ्यात बसवायचं घाटलं होतं. माझा माधव, हो, माझाच म्हणते, त्याला अक्षर ओळख मी दिली, त्याच्या हातात पेन्सिल मी दिली. बाकीची पोरं पतंग उडवायची आणि हा मकबऱ्याच्या जाळ्यांपुढे बसून एकेक षटकोन कागदावर उतरवायचा. मुंबईला इमारतींचं काम शिकवतात, तिथे त्याची चित्रं पसंत पडली. पावसाळ्यात हजर व्हायचं. राहायची सोय सुमतीच्या बहिणीकडे गिरगावात. सगळं जमलं होतं, फक्त तुझं एक हो हवं होतं. तू मेलास तरी तोंड उघडेनास.

विचारलं की म्हणायचास, "आणि महाराजांचं कोण बघणार?"

"दरबारात काय माणसांचा दुष्काळ आहे?"

"नाही, अक्का. माणसं आहेत, पण त्यांना सवय नाही. महाराजांना आपल्या हातची सवय आहे."

सांग, याला काय उत्तर द्यायचं? मी कपाळावर हात मारला. सुमती दाराशी उभी असायची, एक शब्द बोलायची नाही. तू पुढे म्हणायचास, "बांधायला कुणीही येतं. बांधलेलं सांभाळायला कुणी नसतं. हा तिकडे जाऊन नवी घरं बांधेल, आणि इकडे?" मी म्हणायचे, "इकडे दगड बसून राहील, जसा बसलाय." एकदा यावरून तू ताटावरून उठलास. महाराजांना वेळेवर वाढणारा माणूस स्वतः अर्धपोटी उठला.

आणि मग तो दिवस. साताऱ्याहून सुमतीचे मामा-मामी आले होते. लू, तो आगीसारखा वारा, सुटलेली. मी म्हटलं, या दिवसांत किल्ला नको. पण मामींना बघायचाच होता आणि तू कुणाला नाही म्हणणार? माधवही आला कागद घेऊन. तेलीच्या मंदिरापाशी मामा-मामी सावलीत सुरईतलं पाणी पीत बसले. माधव त्या उंच दाराखाली जाऊन उभा राहिला. जाता जाता मला म्हणाला होता, "आत्या, बघ ना, खाली सगळी उत्तरेची घडण आणि वर छप्पर दक्षिणेचं. हे मंदिर आपल्यासारखंच आहे." मला एवढं बरं वाटलं त्याचं बोलणं की मी तशीच तुझ्याकडे आले.

"वामन, आज सांग. मुलगा जाणार की नाही?"

"ऊन बघ कुठे आलंय, अक्का. मला निघायला हवं."

"ऊन राहू दे. तू रोज पळतोस. आज उत्तर दिल्याशिवाय मी तुला सोडणार नाही."

आपलं तिथे किती वेळ वाजत राहिलं, देव जाणे. मी म्हटलं, तुला मुलापेक्षा मेलेला राजा प्यारा. तू म्हणालास, तुला माझ्यापेक्षा माझा मुलगा प्यारा. मी म्हटलं, आहेच. मग तू माधवकडे बघत राहिलास. तो मान पूर्ण मागे टाकून वर बघत होता, तोंड उघडं, पेन्सिल कानावर. मग म्हणालास, "मी ठरवलंय."

"काय ठरवलंयस?"

"संध्याकाळी सांगतो. सुमतीसमोर सांगतो." की फिरलास, आणि उरवाईच्या उताराला लागलास.

उशीर माझ्यामुळे झाला असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणू दे. प्रश्न पोराच्या जन्माचा होता, ताटातल्या भाताचा नव्हता. आणि उताराखाली टांगा वळसा घालून येऊन उभा होता! टांगेवाला दाराशी येऊन रडला, म्हणाला, "माँजी, मैंने हाथ जोड़े. कहा, पंडितजी, लू चल रही है, बैठ जाओ. बोले, टांगा मेहमानों के लिए है." मेहमानांसाठी! ते मेहमान वर पाणी पीत बसले होते, वामन, त्यांना कसली घाई होती? तू डोक्याला उपरणं गुंडाळलंस आणि त्या उन्हातून पैदल निघालास, जवळजवळ धावत. का, तर एका राजाचं ताट थंड होईल. त्याला मरून जमाना झाला रे! त्याला लू लागते का? त्याला भूक लागते का? भूक तुला लागते, माधवला लागते, सुमतीला लागते.

पुढचं छत्रीच्या पहारेकऱ्यानं सांगितलं. तू पोचलास, आंघोळ केलीस, सोवळं नेसलास, ताट लावलंस, नैवेद्य दाखवलास. विडा दिलास. सगळं रीतसर. तुझा चेहरा लालबुंद झाला होता आणि बोलणं अडखळत होतं. तो म्हणाला, बसा पंडितजी, पाणी आणतो. तू मानेनंच नको म्हणालास, खांबाला धरत धरत बाहेर आलास, अंगण ओलांडलंस, दरवाजा ओलांडलास आणि बाहेरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसलास. तो पाणी घेऊन आला तोवर संपलं होतं.

मला आधी कळेना की तू बाहेर कशाला गेलास. आत गार फरशी होती, पाणी होतं, माणसं होती. मग छत्रीचे कारभारीच म्हणाले, मोठ्या कौतुकानं म्हणाले, "वामनराव थोर. जागेला विटाळ होऊ नये म्हणून एवढं चालत बाहेर आले." ते ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुला कळलं होतं! आपण चाललो हे तुला कळलं होतं, आणि तेवढ्या श्वासात तू कुणाला वैद्याकडे पाठवलं नाहीस, घरी निरोप दिला नाहीस, "माधवला सांगा" असे दोन शब्द त्या पहारेकऱ्याजवळ ठेवले नाहीस. तो शेवटचा जीव तू कशावर खर्च केलास? तर महाराजांचं संध्याकाळचं गाणं चुकू नये यावर. चुकलं नाही. तू जिंकलास.

सुतकात एकदा मी तिकडे गेले. तुझ्या वहाणा आणि उपरणं तिथेच राहिलं होतं, ते आणायला. दरवाज्याबाहेरच उभी राहिले. आत दुसरा सेवेकरी होता, पोट सुटलेला, तो नैवेद्य दाखवत होता. पोशाखाचा गळा त्यानं वाकडा बांधला होता. तू बघितलं असतंस तर तुझ्या जिवाला चैन पडलं नसतं. मी मात्र महाराजांचा चेहरा न्याहाळला, नीट न्याहाळला, तू म्हणायचास तसा. काही फरक नाही रे. तुझ्या हातची सवय म्हणे! तुझ्या हातची सवय आम्हाला होती. मी तिथेच सडकेवर उभी राहून तुला मोठ्यानं शिवी दिली. पहारेकरी घाबरून आत गेला.

तेरावं झालं आणि कारभारी घरी आले. भला माणूस, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ताटात पागोटं आणि नवं उपरणं घेऊन आले. म्हणाले, "अक्कासाहेब, वामनरावांची जागा माधवनं घ्यावी ही सगळ्यांचीच इच्छा. त्यांचीही हीच होती." मी तोंड उघडणार तेवढ्यात माधव विहिरीवरून आला. आंघोळ केलेली, ओलं धोतर, डोकं भादरलेलं. म्हणाला, "मी येतो. उद्यापासूनच येतो." त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. तुझ्यासारखाच उभा होता, खाली मान घालून. मी इतकी वर्षं त्या पोराची मान वर केली आणि तू मरून एका क्षणात ती खाली घातलीस. मला वाटलं, संपलं आता.

आणि मग सुमती बाहेर आली. कारभाऱ्यांसमोर, परक्या पुरुषासमोर, तुझी ती कधी न बोलणारी बायको बाहेर ओसरीवर आली. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "कारभारीकाका, महाराजांच्या ताटात मी माझा नवरा वाढला. मुलगा वाढणार नाही."

कारभाऱ्यांनी ताट खाली ठेवलं. पण माधव हट्टाला पेटला होता. डोळे कोरडे. "आई, मी नानांची इच्छा मोडणार नाही. ते सारखं म्हणायचे, महाराजांना आपल्या हातची सवय आहे. मी मुंबईला गेलो तर त्यांना काय वाटेल?"

सुमती माझ्याकडे बघायला लागली. "वन्सं, तुम्ही तरी बोला."

मग तो माझ्याकडे वळला. "आत्या, त्या दिवशी तेलीच्या मंदिरापाशी तुम्ही दोघं बोलत होतात. मी लांबून बघितलं. नाना काय म्हणाले शेवटी? तू सांग. तू खोटं बोलत नाहीस."

तू ठरवलं होतंस, वामन. काय ठरवलं होतंस? मी रोज तो तुझा चेहरा डोळ्यांपुढे आणते. माधवकडे बघतानाचा. कधी वाटतं, हो म्हणणार होतास. कधी वाटतं, शेवटचं नाही सांगायचं म्हणून बायकोसमोर सांगणार होतास, एकट्यानं सांगायची हिंमत नव्हती म्हणून. तुला दगडाचा चेहरा वाचता यायचा आणि मला रक्तामांसाच्या भावाचा वाचता आला नाही. ते मला कधीच कळणार नाही, आणि याचा राग मला मरेपर्यंत राहणार आहे. दोन शब्द होते रे. हो किंवा नाही. तेवढं बोलून गेला असतास तर काय ताट थंड होणार होतं?

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पोरींना वर्गात खोटं बोलल्याबद्दल छड्या मारते. मी म्हटलं, "तुझे नाना म्हणाले, जाऊ दे त्याला मुंबईला."

माधवनं मान वर केली.

एकदा सुरू झालं की खोटं बोलणं सोपं असतं. मी म्हटलं, "तू दाराखाली उभा होतास ना वर बघत? तुझ्याकडेच बघत होते ते. मला म्हणाले, अक्का, याचं इथे काही काम नाही, हा वर बघणारा मुलगा आहे. म्हणाले, महाराजांना मी समजावीन. म्हणाले, संध्याकाळी घरी येऊन मीच त्याला सांगणार आहे, तू मधे बोलू नकोस." माधव तू गेल्यापासून पहिल्यांदा रडला. सुमतीनं त्याला पोटाशी घेतलं. कारभाऱ्यांनी डोळे पुसले आणि ताट उचलून घेतलं. म्हणाले, "वामनरावांचीच इच्छा असेल तर मग प्रश्नच मिटला." येत्या पंधरवड्यात तो गाडीत बसेल.

तर हे तुला सांगायला बसले होते. मी तुझ्या नावानं खोटं बोलले, ऐन तुझ्या ओसरीवर, तुझ्या बायकोमुलासमोर, आणि मला त्याची काडीची लाज नाही. पण एक सांगते. बोलताना मी मधे मधे थांबत होते. शब्द सुचत नव्हते म्हणून नाही. पहिल्या वाक्यानंतर थांबले, महाराजांना समजावीन म्हटल्यावर थांबले, आणि अगदी शेवटीही थांबले. साठीला आले तरी माझं एक वाक्य तू धड पुरं होऊ दिलं नव्हतंस. मी वाट बघत होते, आता मागून येईल, "नाही, अक्का, मी असं म्हणालो नव्हतो."

कुणी काही बोललं नाही. माझं सगळं बोलणं पुरं झालं.

तेव्हा मला कळलं, वामन, तू खरंच गेलास.